ठाण्याचा शाळकरी, देवळालीचा शिक्षक : शालेय वयातील गणित-संशोधनाचा एक मागोवा

गणिताच्या इतिहासात अल्पवयीन प्रतिभेच्या कथा विपुल आहेत आणि त्या बहुधा चमत्कारकथांच्या थाटात सांगितल्या जातात. प्रतिभा दैवी, ती प्रकट होण्याचा क्षण अद्भुत, आणि नंतर जगाने दिलेली मान्यता जणू अटळच. इतिहासाच्या अभ्यासकाला या मांडणीत फारसे हाती लागत नाही. प्रस्तुत लेखात म्हणूनच एका मर्यादित आणि काहीशा रूक्ष प्रश्नाचा विचार केला आहे. शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला अभ्यासक्रमापलीकडचे, स्वतःचे असे गणित सुचले, तर ते वाचणारे माणूस त्याला कोठे आणि कसे भेटत आले? महाराष्ट्र आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषक कुटुंबे यांच्यापुरताच हा शोध सीमित आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. अवघड उदाहरण वेगाने सोडवणे आणि संशोधन करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत उत्तर कोणाला तरी आधीच ठाऊक असते. दुसरीत ते कोणालाच ठाऊक नसते, आणि पुष्कळदा प्रश्नही स्वतःच घडवावा लागतो. आपल्या शिक्षणव्यवस्थेत पहिल्या कौशल्याची पारख करणाऱ्या परीक्षांची परंपरा दीर्घ आहे. दुसऱ्या कौशल्याकडे पाहण्याची नजर मात्र व्यक्तींकडे होती. संस्थांकडे ती उशिरा आली, आणि तीही अर्धवट.

या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील एक उदाहरण उद्बोधक आहे. १८२१ मध्ये पुण्यात जन्मलेले नृसिंह देव, म्हणजेच पुढे विख्यात झालेले बापूदेव शास्त्री, नागपूर येथे मराठी शाळेत शिकत असतानाच 'लीलावती' आणि 'बीजगणित' या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन करीत होते. सिहोर येथील ब्रिटिश प्रतिनिधी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या नजरेत हा मुलगा भरला आणि १८३८ च्या सुमारास त्यांनी त्याला सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. १८४२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, बापूदेव बनारसच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. पुढे विल्किन्सन यांनी केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायाच्या इंग्रजी भाषांतराचे संशोधन-संपादन त्यांनीच केले. येथे सारे काही एका जाणत्या अधिकाऱ्याच्या भेटीवर अवलंबून होते. विल्किन्सन नागपूरच्या त्या मुलापर्यंत पोहोचले नसते, तर 'लीलावती' मुखोद्गत असलेला एक पंचांगकर्ता एवढीच त्याची ओळख उरली असती, असे मानावयास जागा आहे.

ज्या उदाहरणापाशी अधिक थांबणे अगत्याचे आहे, ते दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर यांचे. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाची आवड होती. ज्योतिषाला खोल गणित लागत नसले, तरी आकडेमोड अखंड लागते, आणि आकड्यांशी खेळण्याची गोडी मुलाला तेथूनच लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. आजची नवी मुंबई ज्या खाडीकाठावर वसली आहे, तिच्या उत्तरेकडील हे जुने शहर. ठाण्यातील शाळकरी वयातच काप्रेकर तासन्‌तास संख्यांची कोडी सोडवीत बसत. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९२७ मध्ये, पदवी मिळण्यापूर्वीच, त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक गुणपत्रिकेसाठी नव्हते, स्वतंत्र गणिती लेखनासाठी होते. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय, आणि नंतर सुमारे दोन दशके फर्ग्युसनचे प्राचार्य, अशा परांजप्यांच्या नावाने विद्यार्थ्याच्या मौलिक लेखनाचा गौरव व्हावा, ही त्या काळातील एक दुर्लक्षित पण महत्त्वाची संस्थात्मक घटना मानावी लागेल.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेऊन काप्रेकर नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठीय पद नाही, सहकारी संशोधक नाहीत. अशा स्थितीत त्यांनी जे गणित केले, त्याची साधने माध्यमिक शाळेतीलच होती : बेरीज, वजाबाकी, वर्ग, अंकांची उलटापालट. म्हणूनच शालेय वयातील संशोधनाची चर्चा करताना काप्रेकरांचे उदाहरण टाळता येत नाही. वयाने प्रौढ झाल्यावरही त्यांनी शाळकरी मुलाचीच हत्यारे हाती ठेवली होती.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध निरीक्षण ६१७४ या संख्येविषयीचे आहे. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. काप्रेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर क्रमाने ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४ अशी उत्तरे मिळतात. सातही पायऱ्या चढाव्या लागतात, हा योगायोग गमतीचा. ही प्रक्रिया त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली, आणि ६१७४ वरील त्यांचे टिपण १९५५ मध्ये अमेरिकेतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

असे का होते, याचे स्पष्टीकरण आठवीच्या वर्गात देता येते. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील, तर दोन संख्यांतील फरक म्हणजे (अ − ड) ची ९९९ पट अधिक (ब − क) ची ९० पट. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, उत्तर केवळ दोन फरकांवर ठरते. या दोन फरकांच्या शक्य जोड्या ५४ आहेत. हजारो संख्या तपासण्याऐवजी ५४ प्रकरणे तपासली की सिद्धता पुरी होते. प्रस्तुत लेखकाच्या मते या उदाहरणाचे शैक्षणिक मूल्य ६१७४ या 'जादुई' आकड्यात कमी आणि हजारो प्रकरणे ५४ वर आणण्याच्या या युक्तीत अधिक आहे. दुर्दैवाने आपली पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रांतील सदरे आकड्यापाशीच थांबतात. मुलाला विस्मय मिळतो, सिद्धता मिळत नाही.

काप्रेकरांचे इतर शोधही याच जातीचे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ व २०९ मिळून ७०३. या संख्यांना आज जगभर 'काप्रेकर संख्या' म्हणतात. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' हे नाव दिले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होऊ शकत नाही, ती 'स्वयंभू' संख्या : २०, ३१, ४२, ५३ अशा. त्यांच्या 'डेमलो' संख्यांचे नाव तर रेल्वे स्थानकावरून आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील या स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, आणि ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली असे सांगितले जाते. नावे ठेवण्याची ही पद्धत पाहण्यासारखी आहे. लॅटिन-ग्रीक शब्द नाहीत. घरातले, देवघरातले आणि फलाटावरचे शब्द आहेत.

या कार्याची तत्कालीन भारतीय गणितज्ञांनी विशेष दखल घेतली नाही. त्यांना ते क्षुल्लक, मनोरंजनात्मक वाटले. महाविद्यालयांतून व्याख्यानांना बोलावणी येत, चाहते त्यांना 'गणितानंद' म्हणत, पण विद्यापीठीय गणिताचे दार बंदच राहिले. लहान नियतकालिकांतून लेख आणि देवळालीहून स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका, हेच त्यांचे प्रकाशनमाध्यम होते. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिकाही १९६३ मध्ये अशीच निघाली. निवृत्तिवेतन अपुरे पडे म्हणून उतारवयात शिकवण्याही कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता 'क्षुल्लक' या शेऱ्याची तपासणी करता येते, कारण पुढील इतिहास उपलब्ध आहे. १९८१ मध्ये 'फिबोनाची क्वार्टर्ली'त दशमान पद्धतीतील सर्व काप्रेकर स्थिरांक निश्चित करणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्वयंभू संख्यांच्या वितरणावर इटालियन संख्याशास्त्री उंबेर्तो झान्निएर यांचा निबंध १९८२ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये आला. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी दाखवले, की काप्रेकर संख्यांचा शोध हा वस्तुतः ९९, ९९९, ९९९९ अशा संख्या परस्पर मूळ असलेल्या दोन अवयवांत कशा विभागतात याचाच शोध आहे. ४५ आणि ५५ यांची बेरीज १०० येते, २९७ आणि ७०३ यांची १००० येते. हे योगायोग वाटतात. त्यांच्यामागे ही रचना आहे. तेव्हा काप्रेकरांच्या समकालीनांचा आक्षेप सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. निरीक्षणाच्या पलीकडची रचना उलगडणे काप्रेकरांना पुष्कळदा जमले नाही. पण ती उलगडण्यासाठी जी भाषा आणि जो सहवास लागतो, तो त्यांना मिळवून देण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी शेरा देऊन आपले कर्तव्य संपवले. हा दोष माणसाचा कमी, व्यवस्थेचा अधिक.

याउलट स्थिती घरातच गणित असलेल्या मुलांची. १९३० मध्ये उज्जैनला जन्मलेले श्रीराम शंकर अभ्यंकर यांचे वडील ग्वाल्हेर येथे गणिताचे प्राध्यापक होते आणि वडिलांची पुस्तके मुलाला शाळकरी वयातच खुली होती. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदवीचा अभ्यास करताना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व्याख्याने त्यांना ऐकता आली. १९५१ मध्ये ते हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झरिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळवली. जयंत नारळीकरांचे बालपणही असेच. बनारसच्या त्यांच्या घरात फळा होता. शिक्षणासाठी तेथे राहावयास आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर शाळकरी भाच्यासाठी आव्हानाचा एखादा गणिती प्रश्न लिहून ठेवीत, आणि भाच्याने तो सोडवेपर्यंत तो पुसला जात नसे. महाराष्ट्रातील किती शाळांत असा न पुसला जाणारा फळा आहे, हा प्रश्न सहज मनात येतो.

अभ्यंकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बैजिक भूमितीत जागतिक कीर्ती मिळवल्यानंतरही ते 'हायस्कूलच्या बीजगणिता'चा आग्रहाने पुरस्कार करीत राहिले. बहुपदींची प्रत्यक्ष हाताळणी, वर्ग पूर्ण करणे, घातांक मोजणे या शालेय क्रियांत अजून मोठी शक्ती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७६ मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त आलेल्या आणि १९७८ च्या शोव्हने पारितोषिकाने गौरवलेल्या त्यांच्या ऐतिहासिक निबंधातही हाच सूर आहे. ही केवळ भूमिका नव्हती. त्यांनी टी. टी. मोह यांच्यासमवेत १९७५ मध्ये सिद्ध केलेले, सपाट प्रतलात रेषा बसवण्याविषयीचे प्रमेय अकरावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा शब्दांत मांडता येते. १९७६ मध्येच त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना केली. काप्रेकर त्या वेळी देवळालीत हयात होते. हायस्कूलच्या साधनांनी गणित करणारे हे दोघे मराठी गणिती एकाच काळात वावरत होते. एकाच्या मागे प्राध्यापकाचे घर, टाटा संस्था आणि हार्वर्ड होते. दुसऱ्यामागे देवळालीची शाळा. प्रतिभेची तुलना येथे अभिप्रेत नाही. सहवासाची तुलना मात्र टाळता येत नाही.

गणिती प्रतिभेचा संस्थात्मक शोध आपल्याकडे १९८० च्या दशकात सुरू झाला. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या पुढाकाराने १९८६ पासून भारतीय राष्ट्रीय गणित ऑलिंपियाड होऊ लागले. १९८९ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये प्रथम भाग घेतला आणि १९९६ मध्ये ते मुंबईतच भरले. या कार्याचे केंद्र असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. हार्बर मार्गावर मानखुर्दनंतरचे स्थानक वाशी. १९९२ मध्ये खाडीवरून रेल्वे आली आणि नवी मुंबईतील विद्यार्थ्यासाठी देशातील गणिती प्रतिभेचे हे प्रमुख केंद्र एका स्थानकाच्या अंतरावर आले. ऑलिंपियाडने केलेले काम निःसंशय मोलाचे आहे. सिद्धता लिहावयास लावणारी ही आपल्याकडील जवळजवळ एकमेव शालेय परीक्षा. परंतु तिलाही घड्याळ आहे, आणि तिच्या प्रश्नांची उत्तरे परीक्षकांना आधीच ठाऊक असतात. संशोधनाची ती पूर्वतयारी होऊ शकते; संशोधन नव्हे. नवी मुंबईत वाशीपासून खारघरपर्यंत ज्या वर्गांच्या पाट्या दिसतात, ते तर अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीचे वर्ग. तेथे गणित प्रश्न होऊन येतच नाही. ते वेगाचे माप होऊन येते.

अन्यत्र काय घडते आहे, याकडे दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. २०२१ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील डॅनियल लार्सन या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाने कारमायकेल संख्यांविषयीचा एक प्रश्न सोडवला. ५६१ सारख्या या संख्या अविभाज्य नसूनही अविभाज्यतेच्या एका सुप्रसिद्ध चाचणीला फसवतात. त्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले होते. पुरेशा मोठ्या प्रत्येक संख्येच्या आणि तिच्या दुपटीच्या दरम्यान एक तरी असतेच, हे लार्सनने दाखवले. त्याचे आईवडील दोघेही गणिताचे प्राध्यापक आहेत, म्हणजे पुन्हा ग्वाल्हेरचेच घर. २०२५ च्या आरंभी हॅना कैरो या सतरा वर्षांच्या मुलीने मिझोहाता-ताकेउची या नावाने ओळखली जाणारी विश्लेषणशास्त्रातील जुनी अटकळ प्रत्युदाहरण देऊन खोटी ठरवली. ती बहामा बेटांवर वाढली आणि शाळेऐवजी घरीच शिकली. पण बर्कलीच्या विद्यापीठाने तिला पदव्युत्तर वर्गात बसू दिले, आणि तेथील एका गृहपाठातूनच तिला हा प्रश्न मिळाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत २०१० पासून चालणाऱ्या 'प्राइम्स' या उपक्रमात तर शालेय विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक आणि एक न सुटलेला प्रश्न देऊन वर्षभर काम करू दिले जाते. या तिन्ही ठिकाणी बुद्धिमत्तेइतकीच एक साधी गोष्ट आढळते : मुलाने लिहिलेली पाने कोणी तरी जाणकार वाचतो.

महाराष्ट्रात या बाबतीत एक अनुकूलता आहे, जिचा आपण फारसा विचार केलेला नाही. अकरावी-बारावीचे वर्ग आपल्याकडे पुष्कळदा पदवी महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी आणि पदव्युत्तर गणित शिकलेला प्राध्यापक एकाच जिन्याने वर जातात. तरीही कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गांसाठीची पुस्तके सहजी मिळत नाहीत, आणि नववीतल्या मुलीला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रवेशच नसतो. प्राध्यापकाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात शाळकरी मुलाची वही वाचण्यासाठी घालवलेली दुपार कोठे बसवावी, हेही कोणाला सांगता येत नाही. येणाऱ्या दहा वह्यांपैकी नऊंत कोनाचे त्रिभाजन केल्याचा किंवा अविभाज्य संख्यांचे सूत्र सापडल्याचा दावा असणार, याची कल्पना गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला आहे, आणि टाळाटाळीचे तेच खरे कारण असते. परंतु चूक कोठे आहे हे दाखवून देणारे उत्तर मिळणे, हेही त्या वयात मोठे शिक्षण असते.

देवळालीहून निघालेल्या त्या स्वखर्चाच्या पुस्तिकांचे काय झाले, याकडेही या निमित्ताने लक्ष वेधावेसे वाटते. परदेशी शोधनिबंधांच्या तळटीपांत त्यांचे उल्लेख सापडतात. त्यांच्या प्रती नाशिक, ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत एकत्रित करून त्यांची वर्णनात्मक सूची तयार करणे, हे एका लघुसंशोधन प्रकल्पाच्या आवाक्यातील काम आहे. ते इतिहासाच्या आणि गणिताच्या विभागांनी मिळून करावे, आणि सूची करताना त्या पुस्तिकांतील ज्या विधानांना अद्याप सिद्धता मिळालेली नाही, ती वेगळी काढून अकरावीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत.